दगडी बाईंना दिलेलं आमंत्रण

आदरणीय देओलिंदा मावशी,

तुमचा हात कपाळाला लावून आशीर्वाद मागते. गुडघा कसा आहे? कोंबड्या थंडीतही अंडी घालतात ना? माझी तब्येत उत्तम आहे (झोप सोडून).

आम्हा पोर्तुगीज मुलांच्या वर्गाला या सत्रात इथे फ्रान्समध्ये शिकवणाऱ्या मादाम वोकलँ परवा आम्हाला पॅरिसजवळच्या एका जुन्या राजवाड्याच्या बागेत घेऊन गेल्या. हिवाळ्यात तडे जाऊ नयेत म्हणून तिथल्या पुतळ्यांना राखाडी कापडात गुंडाळून दोरीने बांधतात. त्यात धुकं असं, की कातरलेल्या झाडांच्या भिंतींमधून माणूस कोण आणि पुतळा कोण, कळेना. तुम्ही मला घरीच शिकवलंत (शाळेत मुली उद्धट होतात म्हणून), आणि पहिला धडा हा, की वाटेत भेटेल त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी करत राहिले आणि मागे पडले. वर्गातला अडेलिनो ओरडला, "अगं ए सभ्यपणाच्या पुतळे, आता कुंड्यांचीही विचारपूस करणार का?" सगळे हसत पुढे गेले.

बंद कारंज्यापाशी एक बाई बसल्या होत्या. मी आपल्या भाषेतच बोलून गेले, "नमस्कार बाई, बऱ्या आहात ना?" आणि मग दोरी दिसली. पुतळाच. पण एकदा विचारल्यावर उत्तराची वाट न बघता निघणं बरं दिसत नाही, म्हणून थांबले (चूक इथेच झाली). तोंडाच्या जागी कापड हळूहळू ओलं होत गेलं. आतून आवाज आला, "बरी कसली, पोरी. पाय गारठलेत."

पळायला हवं होतं. पण त्या वयाने मोठ्या. तुम्ही विणलेली शाल मी त्यांच्या पायांवर घातली, आणि निघताना आपण गावात सगळ्यांनाच म्हणतो तसं तोंडातून निघालं, "या कधी आमच्याकडे." आपल्याकडे यावर "येईन हं" म्हणतात आणि कुणीही येत नाही. त्यांनी विचारलं, "कुठे?"

तेव्हा मात्र पळाले.

शाल तुमची, म्हणून काल परवानगी काढून आणायला गेले. सोबतीला अडेलिनो, दात काढत. दोरीच्या गाठी जशाच्या तशा होत्या. माळ्याने त्या सोडल्या. आत नुसता चौथरा. शाल नाही. खडीवर काहीतरी जड ओढत नेल्याची रेघ उमटली होती, थेट दक्षिणेच्या फाटकापर्यंत. अडेलिनो परतीच्या वाटेवर रस्त्यातल्या प्रत्येकाला नमस्कार करत होता.

बाकी सर्व क्षेम. अभ्यास चालू आहे.

तुमची,
ग्रासा

ता. क. मी कुठे हरवले तर, म्हणून तुम्ही त्या शालीच्या कोपऱ्यात आपला पूर्ण पत्ता विणला आहे. दिलेलं बोलावणं मागे घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, आणि घरात असून "घरी नाही" म्हणणं पाप, हेही. तेव्हा एकच विनंती: ईस्टरपर्यंत तुम्ही खरोखरच घरी नसा. ब्रागाला फिलोमेना आत्यांकडे जा. कोंबड्या बरोबर न्या.

ता. क. पुन्हा: घाबरू नका. त्या दगडाच्या आहेत, सावकाश चालत असणार. पत्र आधी पोचेल. नाहीच पोचलं आणि दार वाजलं, तर "आत या" म्हणू नका. पण तुम्ही म्हणालच, मी ओळखते तुम्हाला. मग निदान त्यांना चुलीजवळची खुर्ची द्या. पाय फार गार आहेत त्यांचे.