पैलवान भात आणि आजीचं कार्ड

नारपोली, भिवंडी
सोमवार, २३ जानेवारी १९८९

कलाताई,

कोंडूचा जयभीम घे. यशीचा एक पापा घे, आणि अंद्याचा अर्धा घे (उरलेला अर्धा तू आल्यावर देणार आहे म्हणतो, का ते सांगत नाय). नाशिकला थंडी फार पडते असं ऐकतो. गोधडी पुरते का? खोकला गेला का? तुमच्या मेसमध्ये भात असतो की नुसत्या चपात्याच मारतात तोंडावर? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय, पुढं वाचताना तुझा विश्वास उडायला नको म्हणून.

तुझं पत्र पोचलं. पोरांना खेळता खेळता जेवू कसं घालायचं ते तुमच्या बाई फळ्यावर चित्र काढून शिकवतात, हे वाचून मी इतका हसलो की भावजी झोपेतून उठले आणि मला उशी फेकून मारली. ताई, तुझ्याकडं फळा आहे, खडू आहे आणि पोरं चित्रातली आहेत, ती वाटी उपडी करत नाय. माझ्याकडं एक स्टो आहे, त्याला पिन मारावी लागते, आणि दोन पोरं आहेत, ती मला पिन मारतात. तू विचारलंस की पोरं वाळली का. म्हणून भावजींच्या कारखान्यात नेऊन दोघांना सूत मोजायच्या काट्यावर बसवलं. यशी अठरा किलो, अंद्या साडेतेरा (त्याच्या चड्डीच्या खिशात नऊ गोट्या आणि सुताची एक तुटकी कांडी निघाली, तेवढं वजा कर). मुकादम बोलला, माल चांगला आहे पण गाठी फार.

आता खरं ते सांगतो. जाताना तू मला उंबऱ्यात उभं करून काय बोलली होतीस ते मी विसरलो नाय. कोंडू, तीन महिने घर सांभाळलंस तर मी अंगणवाडीची बाई होईन. नाय सांभाळलंस तर सासूबाई पोरांना त्यांच्या गावी, वळला नेतील आणि मला ट्रेनिंग टाकून परत यावं लागेल. मी तेव्हा छातीवर हात ठेवून हो बोललो होतो. (दहावीला बसतानापण असाच हात ठेवला होता, दोन्ही वेळेला, पण तो विषय इथं काढू नको.) तर त्या शब्दाला मागच्या आठवड्यात जरासा धक्का बसला. जरासाच. पाणी पिऊन पुढं वाच.

झालं काय, रविवारी मी चोर होतो. खेळात. यशी इन्स्पेक्टर, अंद्या हवालदार. यशीनं मला खाटेच्या पायाला सुतानं बांधलं. आता तुला माहितेय, लूमवाल्याची पोर, गाठ अशी मारते की बापालाही सुटत नाय. स्टोवर भात होता. थोड्या वेळानं वास यायला लागला. मी बोललो, साहेब, भात करपतोय, सोडा. यशी बोलली, सगळे चोर असंच बोलतात. मी हवालदाराला डोळा मारला, तर त्यानं काठीनं माझ्या पायावर मारलं आणि बोलला, साहेब, चोर डोळा मारतो. शेवटी सगळ्या घरात धूर झाला तेव्हा जामीन मिळाला. टोप उघडला तर वर चार बोटं भात आणि खाली डांबर.

घरात तेवढाच भात, आणि पोरं भुकेली. मग मी ते केलं जे मला येतं. तोंड एकदम गंभीर केलं, खालचा काळा भात खरवडून माझ्या ताटात घेतला आणि बोललो, तुम्ही वरचा पांढरा घ्या, तो आजारी माणसांचा. हा काळा पैलवानांचा. तुम्हाला नाय झेपणार. झालं! अंद्यानं माझं ताटच ओढलं. कडकड चावला, तोंड काळं केलं, दंड फुगवून दाखवला (दंड कसला, पेन्सिल), आणि आणखी मागितला. यशीला आधी संशय आला होता, पण भाऊ पैलवान होतोय म्हटल्यावर तीपण बसली. मी मनात बोललो, कोंडू, तुझं डोकं म्हणजे काय चीज आहे!

पण दुसऱ्या दिवशी चांगला मऊ भात केला तर दोघं ताटाकडं बघेनात. आम्ही काय आजारी आहोत? म्हणजे तेव्हापासून मला रोज मुद्दाम भात करपवावा लागला. ताई, चुकून करपवणं सोपं, मुद्दाम करपवायला लक्ष द्यावं लागतं. बुधवारी मी अंद्याला पाठीवर घेऊन घोडा घोडा करत राहिलो आणि भात नेमका झकास झाला, मोगऱ्याच्या कळीसारखा. दोघांनी भोकाड पसरलं. त्यात अंद्यानं गल्लीत दंड दाखवत फिरायला सुरुवात केली. गुरुवारी सकाळी शेजारची जोहराचाची हातात झारा घेऊन दारात हजर. तिचा नातू महमूद, अंद्याच्याच वयाचा, त्यानं घरची बिर्याणी बाजूला सारली होती. चाची बोलली, "कोंडू, क्या सिखाया रे तूने? दो घंटा लगा के पकाया मैंने, और ये बोलता है दादी, जला के दे!" मी बोललो, चाची, बच्चा है. तर बोलली, "वो बच्चा है, तू क्या है?"

हे सगळं चालू असताना तिथं कोण उभा? आजीच्या वळ गावचा पंढरी दूधवाला. दूध घालता घालता त्यानं अंद्याचं काळं तोंड बघितलं, टोपात डोकावला, सायकलवर बसला. मी तेव्हाच ओळखलं की आता दूध पुढं जाणार नाय, बातमी जाणार.

शुक्रवारी सकाळी आजी आली. तुझी सासू, म्हणजे आपल्या सगळ्यांचीच आजी. पिशवीत सुकट, काखेत दुधी, आणि चेहरा असा की दुधीपण घाबरलेला. शुक्रवार म्हणून लूम बंद, भावजी घरात. आईला बघितल्याबरोबर त्यांनी बादली उचलली, पाणी आणतो बोलले, ते संध्याकाळी आले. बादली रिकामीच. आजीनं पोरांची तोंडं उघडून आत बघितलं, बैल विकत घेताना बघतात तसं. मी काय बोलणार त्याच्या आत अंद्या अभिमानानं बोलला, "आजी, आम्ही रोज जळका भात खातो! मामा मुद्दाम जाळतो!"

आजी खाली बसली. मला बोलली, "कार्ड काड. लिव. कला, तुझी पोरं जळकं खातात. तुझं शिकनं ऱ्हाऊं दे, हाय तशी निगून ये." आता आजीला लिहिता वाचता येत नाय, आणि घरात लिहिणारा मी. मी मान खाली घालून, तिचा एकेक शब्द मोठ्यानं बोलत बोलत, तिच्यासमोर लिहिलं: कला, पोरं मजेत. मन लावून शीक. आणि वर पत्ता. आजीनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, माझ्याकडं बघितलं आणि हाक मारली, "यशे, वाच गं." यशी दुसरीत आहे, जोडाक्षर आलं की अर्धा तास अडकते. माझ्या कार्डात एकपण जोडाक्षर नव्हतं, हीच चूक झाली. बोट ठेवून तिनं धडाधडा वाचलं. वर शाबासकी मागितली. आजी ओरडली नाय. माझा कान धरला, पिळला, आणि बोलली, "दुसरं काड." दुसरं कार्ड यशीच्या देखरेखीखाली झालं. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

मग आजी कांदे आणायला नाक्यावर गेली, आली, आणि रांधायला बसली. ताई, तो वास! सुकट कांद्यात अशी परतली की जोहराचाचीनं खिडकीतून विचारलं काय शिजतंय. भात पांढराशुभ्र, दाणा न दाणा सुटा. आजीनं दोघांना कालवून वाढलं आणि घास पुढं केला. अंद्यानं तोंड फिरवलं. हा आजारी माणसांचा. यशीनंपण ताट सरकवलं. आजी घास हातात धरून तशीच बसली. मग हळूच बोलली, "माज्या हातचं खाऊन चार पोरं वाडली रे." एवढंच. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझी चेष्टा फार लांब गेली. आजी उठली आणि पोरांचे कपडे फडक्यात बांधायला लागली. यशीचा फ्रॉक, अंद्याच्या दोन चड्ड्या. पाचची एसटी. घड्याळात साडेतीन. आणि मला तुला लिहिलेलं ते कार्ड, तुझी बॅग, आणि तुमच्या बाईंचा तो फळा, सगळं एकदम दिसायला लागलं.

गल्लीत अगदी शांत होतं. आपल्याला शुक्रवारीच कळतं की बाकीचे सहा दिवस कानात किती खटखट असते. त्या शांततेत अंद्या उगाच भिंतीला लाथा मारत होता. मी बोललो, अंद्या, आज सगळे लूम बंद. मग कापड कोण काढणार? तो थांबला. मी बोललो, आपण काढू. तू धोटा, लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचं. धोट्यात सूत लागतं ना? ते या ताटात आहे, पांढरं. एक घास म्हणजे एक धागा, रिकामा धोटा धावला तर लूम बंद. अंद्यानं विचारलं, काळं सूत नाय का? त्याला मी काय सांगणार त्याआधी यशीच बोलली, "येड्या, काळा धागा लागला की कापड डागी. मुकादम परत पाठवतो. पप्पांचं पाठवलं होतं ना?" संपला पैलवान! लूमवाल्याची पोरं, ताई. त्यांना भुताची भीती नाय, डागाची आहे.

एका भिंतीला मी ताट घेऊन, दुसऱ्या भिंतीला यशी. अंद्या घास घेतो, धावतो, तिकडं पुन्हा घास घेतो, परत. मी तोंडानं खटखट खटखट. मग महमूद आला, त्याला दुसरा धोटा केला. दोन धोटे मधोमध आपटले, कपाळाला टेंगळं आली, रडायला कोणाला वेळ नव्हता, लूम चालू होता. आजी आधी गाठोड्यावर हात ठेवून बघत होती. "आरं, घास गिळूं तरी दे त्याला." मग, "चालत न्ये, पलवूं नको, ठसका लागंल." (हे बरोबर होतं, मग धोटा चालत गेला.) मग, "केवडा घास देतंस, तो काय बैल हाय?" शेवटी उठून माझ्या हातातलं ताटच ओढून घेतलं आणि बोलली, "सर बाजूला. तुला न्हाय जमत." आणि ती माझ्या भिंतीला उभी राहिली. थोड्या वेळानं तीच विचारते, "यशे, कापड किती झालं?" यशी बोलली, अजून पाच वार. तिकडं नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. आजीनं ऐकला. मीपण ऐकला. कोणीच कोणाला सांगितलं नाय. टोप पुसून निघाला. मला आणि भावजींना रात्री दुधी मिळाला, नुसता.

तर असं आहे. काळजीचं काही कारण नाय. परीक्षा नीट दे, थंडीत डोकं बांधून झोप.

तुझा भाऊ,
कोंडू

ता. क. ते कार्ड. कांदे आणायला गेली तेव्हाच आजीनं ते नाक्यावरच्या पेटीत टाकलं होतं. सगळं झाल्यावर मला बोलली, "जा, मागारी आन." मी पेटीत हात घातला, तर मनगट अडकलं, आजीनंच ओढून काढलं, साल निघाली. शनिवारी पोस्टमनच्या पाया पडलो, तो बोलला, पेटीत पडलं की ते सरकारचं. म्हणजे माझ्या आधीच ते तुला मिळालं असणार, आणि हे वाचताना तुझी बॅग भरलेली असणार. ताई, बॅग सोड. कपडे परत खुंटीला टांग. एवढंच सांगायला हे पत्र, बाकीचं सगळं तू घाबरू नयेस म्हणून आधी लिहिलं.

ता. क. दुसरा. आजी अजून इथंच आहे. गाठोडं सोडलं. स्टो तिनं घेतलाय, मला त्याच्याजवळ बसू देत नाय. तू येईपर्यंत राहणार, असं ती बोललेली नाय, पण पंढरीकडून स्वतःची गोधडी मागवलीय.

ता. क. तिसरा. हा आजीनं सांगितलाय, तसाच्या तसा लिहितो, यशी शेजारी बसलीय: "कला, पोरं जेवतात. तू पुरं शिकूनच ये, मधी आलीस तं दारात घेनार न्हाय. पोरांचा घोर न्हाय. तुझ्या भावाचाच हाय. तो दिसभर पोरांत खेलतो नि त्याला त्याचंच कवतिक. त्याला कायतरी शिकव."

आता आजी पाण्याला गेलीय आणि यशीला मी शेंगदाणे दिलेत, म्हणून पटकन लिहितो. तुमच्या बाईंना एकदा विचारून बघ, त्या ट्रेनिंगला गडी माणूस घेतात का. चेष्टेतच विचार, माझं नाव सांगू नको. त्या हसल्या तर सोडून दे. नाय हसल्या तर दहावी लागते का तेवढं लगेच कळव, मार्चच्या परीक्षेला अजून वेळ आहे.