पोह्यांनंतरचं तळं

प्रिय संपदा,

फोन केला असता तर माझा आवाज उगाच गोड निघाला असता, म्हणून लिहितेय. आधीच सांगते, मी तुझ्यावर जळते. शुक्रवारी राघव सर तुझा अहवाल हातात धरून सगळ्या ऑफिससमोर ‘बिल्कुल परफेक्ट, यार!’ म्हणाले, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या, पण आतून नुसता तिळपापड झाला होता. एकाच दिवशी नोकरीला लागलो आपण. गुरुग्रामच्या त्या तळ्याकाठचे पक्षी आणि गोगलगायी मोजायच्या मी, पाणी तपासणार तू, आणि अहवालावर पहिलं नावही तुझंच!

नुसता अहवाल असता तर गिळलं असतं गं. मला तुझ्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरचाही हेवा वाटतो. मुनिरकाच्या माझ्या भाड्याच्या खोलीत चहाबरोबर टोस्ट मिळाला तरी दिवाळी. तुझ्याकडे तुझी आई, आमच्या शालिनीकाकू, दारात आडव्या: पोहे खाल्ल्याशिवाय पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. मग डबा, मग ‘अच्छा, निदान ताक तरी पी’. तू तळ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. मी काठावर उपाशी बसून तुझी वाट बघायचे आणि त्या पोह्यांवर जळायचे.

जळणाऱ्याची नजर मात्र तेज असते. तुझे सगळे आकडे दुपारचे आहेत, संपदा. उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तेच तो ओढून घेतं, हे तुलाही पाठ आहे. पण आकडे छान आले, सर खूष झाले, मग शंका कोण घेणार? मी घेतली. काल रविवारी उजाडायच्या आधी टॅक्सी करून तळ्यावर गेले, तुला तोंडघशी पाडायलाच गेले. पाण्यात प्राणवायूचा मीटर धरला. दुपारी नऊ दाखवणारा तो काटा दोनच्याही खाली! खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग उजाडलं आणि मासे दिसले. सगळे वर येऊन, तोंडं उघडी टाकून हवा ओढत होते. पाण्यात हवा मिसळणाऱ्या कारंज्यांभोवती तर त्यांची झुंबड उडाली होती. माझा आनंद तिथेच संपला.

तुझा अहवाल म्हणतो, तळं निरोगी आहे, कारंजी दुसरीकडे हलवायला हरकत नाही. गुरुवारच्या बैठकीत ते मंजूर होईल. मी गप्प राहिले तर मासे मरतील आणि तुझी अब्रू जाईल. सरांना सांगितलं तर माझा भाव वधारेल. दोन्हींचा मोह झाला. तरी सरांच्या आधी तुला लिहितेय. उद्या पहाटे तू स्वतः मोज, अहवाल तूच दुरुस्त कर, पहिलं नाव तुझंच राहू दे. मी शेजारी उभी राहून जळेन, ते काही सुटणार नाही. फक्त काकूंना सांग, पोहे डब्यात भरा, आणि दोघींचे भरा.

जळकुटी, पण तुझीच,
कृतिका