काट्याला न कळलेलं

असोदा, रविवार

प्रिय पुनम,

फोनवर तू 'जेवले' एवढंच म्हणतेस, म्हणून लिहितो आहे. तुझ्या धुळ्याच्या खोलीवरच्या रोशनीने आईला सगळं सांगितलं. दिवसभरात दोन काकड्या नि ताक, आणि मंगळवारी ऑफिसच्या जिन्यात आलेली चक्कर. सावद्याच्या मंडळींनी साखरपुड्याआधी दहा किलो उतरवायला सांगितले आणि तू उपाशी राहायला लागलीस. त्यांचं म्हणणं, मुलगी कमरेखाली आईसारखी जाड आहे, उद्या हिला साखर होणार.

साखर निघाली आहे, पण मला. तुझ्या आईला नाही.

केळीची गाडी भरून झाली की आपण सगळे मळ्यातल्या काट्यावर उभे राहायचो. माझे बासष्ट किलो भरले की मी मिशीत हसायचो, आणि आई काट्याकडे फिरकायचीही नाही. त्या काट्याच्या भरवशावर बारा वर्षं मी तिला दुसऱ्यांदा भात घेऊ दिला नाही. स्वतः मात्र एकादशीला साबुदाणा, बटाटा आणि वर दोन केळी असा उपास करत आलो. देवालाही हसू आलं असेल.

गेल्या महिन्यात शाळेत तपासणी शिबिर होतं. डॉक्टरीणबाईंनी टेप लावली. हातपाय काटक्यांसारखे, पण पोटाचा घेर अडतीस इंच. त्या म्हणाल्या, काका, चरबी किती आहे तेवढंच बघू नका, कुठे बसली आहे तेही बघा. मांड्यांवरची चरबी कातडीखाली बरीचशी निमूट असते. पोटाच्या आतली मात्र यकृतापर्यंत शिरते. मग इन्सुलिनने कितीही हाका मारल्या तरी शरीर ओ देत नाही आणि साखर रक्तातच फिरत राहते. वरून बारीक दिसणाऱ्यालाही ते चुकत नाही. आईची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर साफ निघाली. घरी ताट वाढताना ती म्हणाली, बारा वर्षांचा भात आता एकदम वाढून घेऊ का?

जाड मांड्यांना सगळं माफ आहे असं मी म्हणत नाही. चाल, वर्षातून एकदा रक्त तपास. पण उपाशी राहून कुणाला पसंत पडायचं नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. मंडळींनी दहा किलोंची अट घातली तेव्हा तू आत चहा करत होतीस. 'होईल, पोर आमच्या शब्दाबाहेर नाही,' असं मीच म्हणालो, तुला न विचारता. काल सावद्याला जाऊन, त्यांच्याच ओट्यावर, मध्यस्थ जीवरामभाऊंसमोर तो शब्द परत घेतला. माझी साखरही सांगून टाकली. जीवरामभाऊ म्हणाले, नाना, अशाने पोरगी घरात राहील. म्हटलं, राहू द्या, जेवून राहील. नवरा मुलगा नवीनही तिथेच होता. त्याला काही बोलायचं असेल तर तुझ्याशी बोलेल, वजनाचा विषय सोडून. हो म्हणायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या वतीने यापुढे मी कुणाला शब्द देणार नाही. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण आधी जेव.

तुझाच, चुकलेला,
नाना