पुरवणीतला पुतण्या

काका,

चौथीतून काढून मला दुकानात बसवलंत, तेव्हा म्हणालात, "पालथ्या घड्यावर पाणी कशाला?"

इथे कारखान्यात मी रविवारच्या जुन्या पुरवण्यांत कपबश्या गुंडाळतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच वाचतो, सापांवरचं, नटीच्या बंगल्यावरचं, मिळेल ते. तसाच धड वाचायला शिकलो.

परवा एका पानावर तुम्ही दिसलात, गळ्यात हार. खाली छापलेलं, "पोरक्या पुतण्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं."

शेजारचा पॅकर म्हणाला, "मोठा साहेब झाला असेल बघ तो."

मी ते पान घडी करून खिशात घातलं.

हे पत्र टाकणार नाही. पुरवणीच्या संपादकांना लिहिलेलं मात्र कालच टाकलं, शाळा सोडल्याच्या दाखल्यासकट. तुम्ही आपलं रविवारीच वाचा.

तुमचा शिकलेला पुतण्या