मानेचा निकाल

दि. ५ फेब्रुवारी २०२५
तांडा, आखाडा बाळापूर

ती. विकासदादा,

नमस्कार. आई बरी आहे, हरभरा बरा आहे आणि मी चिडलेली आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअर.

गेल्या गुरुवारी जेवताना बापूंचा उजवा हात लुळा पडला. हातातली भाकरी गळाली. थोड्या वेळानं हात ठीक झाला आणि त्यांनी तीच भाकरी उचलून खाल्ली! नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. मानेतली डावी रक्तवाहिनी आतून बुजत आलीय. पुढचा झटका मोठा असू शकतो, दोन आठवड्यांच्या आत उपाय करा म्हणाले. एक तर मान उघडून वाहिनी साफ करायची, नाहीतर मांडीतून तार घालून आत जाळी बसवायची. बापूंचं वय सत्तरच्या पुढे, वाहिनी वाकडी आणि कडक. जाळी सरकवताना कचरा सुटून मेंदूत जायची भीती जास्त, म्हणून डॉक्टरांचा कौल ऑपरेशनला. धोका त्यातही आहे. आवाज बसू शकतो, हेही त्यांनी सांगितलं.

झालं! आवाज म्हटल्यावर आपल्या नाईकसाहेब बापूंनी तांड्याची बैठक बोलावली. स्वतःच्या मानेवर! नाईकाचा आवाज गेला तर तंटे कोण मिटवणार, म्हणे. प्रेमदास कारभारी जाळीचे वकील. "माह्या मेव्हण्याला जाळीच टाकली. चौथ्या दिशी शेतात!" अरे, ती हृदयातली! मी ओरडले, "काका, हे काळीज न्हाई, मान हाय!" सगळे हसले, बापूसुद्धा. मला मात्र रडू आलं.

शेवटी सगळे ऑपरेशनवर आले, तरी बापू निकाल देईनात. घरचा एकजण गैरहजर असताना त्यांनी कधी निकाल दिला नाही. आता रविवारी पुन्हा बैठक.

तुझ्या बांधाच्या तंट्यात त्यांनी शेजारच्या भावसिंगच्या बाजूनं निकाल दिला आणि तू गेलास तो गेलासच. तो विषय मला काढायचाच नव्हता. पण आज सकाळी बापूंची जीभ अडखळली. शब्दच फुटेना. बोलता आल्यावर मी म्हटलं, आत्ता निघू. तर म्हणाले, "त्याचा निकाल म्या केला व्हता. माझा त्याला करू दे."

दादा, रविवारपर्यंत थांबायची मला भीती वाटते. पत्र मिळताच फोन लाव. माझ्याशी बोलू नकोस, मी तो त्यांच्या कानाला लावते. नुसतं म्हण, "बापू, चला." मग बसक्या आवाजात का होईना, तुझ्याशी भांडायला ते असतील.

तुझ्या एका शब्दासाठी अडलेली,
संगिता