कुड्या काढून आले तरी

आप्पा, गेल्या शनिवारी आम्ही इथे जपानमध्ये बोटीने एका बेटावर गेलो आणि तिथली बंद पडलेली सोन्याची खाण पाहिली. तुमची नात सोबत होती. खाण बघून होईपर्यंत मी ठीक होते. बाहेर जुनी गिरणी लागली आणि माझे पाय थबकले. लोखंडी मुसळांची तीच रांग, तसाच उतरता तांब्याचा पत्रा. कर्नाटकातल्या आपल्या खाणीवरही तिला गिरणीच म्हणायचे. माझे आप्पा गिरणीत आहेत, असं सांगितलं की शाळेतल्या मुली विचारायच्या, मग तुमचं दळण फुकट का गं? तुम्ही दगड दळता, तो लगदा पारा लावलेल्या पत्र्यावरून सोडता आणि सोनं तेवढं पाऱ्याला चिकटतं, हे तुम्हीच मला जेवताना, आमटीत बोट फिरवून समजावलं होतं.

मी आठ वर्षांची. दिवाळीच्या नव्या कुड्या घालून दाराशी धावत येते आणि तुम्ही ओरडता, "लांब हो! पारा लागला तर सोनं पांढरं पडेल." मला वाटलं, यांना सोन्याचीच काळजी. दुसऱ्या दिवशी मी कुड्या काढून धावले. तरीही तुम्ही मागे सरलात. त्यानंतर मी कधी दाराशी आले नाही.

खाण दाखवणारे म्हातारे गृहस्थ जपानीत काही सांगत होते. नात म्हणाली, "मम्मी, हे ओजीसान म्हणतायत, त्यांचे आजोबा इथेच कामाला होते. घरी आले की आंघोळ होईपर्यंत मुलांना टच नाही करायचे. कपड्यांवर सुइगिन असतो ना, मर्क्युरी. पॉयझन." मग तिने स्वतःचा हात थरथरवून दाखवला. "नंतर त्यांचे हात असे व्हायचे. सूप सांडायचं."

मी कठडा धरून रडले. तिला वाटलं, बोट लागली.

आप्पा, माझ्या कन्यादानात तुमची ओंजळ अशीच थरथरत होती. पाणी नवरदेवाच्या शेल्यावर सांडलं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "नीट धरा ना." मंडपात सासूबाईंनी विचारलं, "वडिलांना बरं नाही का?" आजार म्हटला असता तर त्यांनी तो माझ्या रक्तात शोधला असता. म्हणून मी म्हणाले, "थोडी घेतात ते." तुम्हाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. वळले तर मागे तुम्ही, हातात पेढ्यांचं ताट. "घ्या ना, विहीणबाई," एवढंच म्हणालात. पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या दोन वर्षांत मी माफी मागितली नाही. तुम्ही ऐकलंच नसेल, असं स्वतःला सांगत राहिले. तुम्ही ऐकलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं.

हे इथल्या आमच्या फुनाबोरीच्या घरात, ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, हे तर झालंच. पण ज्यांना सांगता येईल, त्या सासूबाई अजून आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो आम्ही. कालही बोललो. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.