दीड फुटाची वाट

लालबाग, बुधवार

प्रिय वहिनी,

गॅलरीतल्या पहिल्या खोक्याला नऊ फळ्या लागल्या, दोन पत्रे, पावशेर खिळे आणि माझे दोन रविवार. तेव्हा मी एवढंच मोजलं होतं. गॅलरी चार फूट रुंद, कठड्याकडून खोकं अडीच फूट, जायला-यायला उरला दीड फूट. त्या दीड फुटातून काय जात नाही, ते तुला नेताना कळलं.

आज लिहायला बसलो, कारण उद्या पुन्हा संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आहे. मोर्चा आला की नाक्यावर पोलीस येतात, आणि पोलिसांमागून अश्रुधुराच्या नळकांड्या. तुझ्या शेजारी, नवव्या खोलीत, गावड्यांच्या सुनेला, कुसुमला, नववा महिना लागलाय. दुसरी खेप, म्हणून माहेरी गेली नाही. तिच्या खोलीत भांडं पडलं तरी मी हातातला रंधा खाली ठेवतो.

बारा वर्षांचा मी बोटीने गावाहून आलो, तेव्हा तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझे पाय पसरायला जागा नव्हती. तू माझी वळकटी गॅलरीत टाकलीस. म्हणालीस, "भावजी, हयसर वारो बरो लागता." त्याच वाऱ्यात मी वाढलो. तिथे पडल्यापडल्या मला सबंध मजल्याची पावलं ओळखता यायला लागली. पुढे फळीवर बोट वाजवून आतली कीड सांगायला लागलो, सुतार झालो, स्वतःचं दुकान टाकलं. हे कान तुझ्या गॅलरीनेच तयार केले ना?

पहिला कर्फ्यू लागला तेव्हा जिना उतरायची सोय नव्हती. ही गॅलरीच आपला रस्ता झाली. कुणाचे तांदूळ, कुणाचं दूध, सगळं हातोहात जायचं. तू बादली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचीस, धुरासाठी प्रत्येक दारात एक ओलं फडकं. आणि त्यानंतर वर्षाच्या आत तीच वाट मी बुजवली. याला काय म्हणायचं?

गरज नव्हती असं नाही. पोरं वाढली, सुना आल्या, कुणाला शेगडी बाहेर काढायची होती, कुणाला लाकडं ठेवायची होती. माझ्या दारापुढे पहिलं खोकं उभं राहिलं आणि रांगच लागली. दहा खोल्यांपुढे नऊ खोकी. "वहिनी, या मजल्यावर माझा शब्द खाली पडत नाही," असं मी तुला किती वेळा ऐकवलं. तू मात्र आपल्या दारात खोकं होऊ दिलं नाहीस. "वारो खंयसून येतलो?" एवढंच विचारलंस. मी हसलो. एकदा नीट खडसावलं का नाहीस गं? माझं बोट धरून जिने दाखवलेस, इथेच का गप्प बसलीस?

मागच्या मोर्च्याच्या दुपारी धूर वर आला आणि खोक्याखोक्यांत अडकून बसला. तुझ्या छातीतली शिट्टी मला चार खोल्यांवरून ऐकू आली. दादाने आणि मी तुला खुर्चीत बसवून उचललं. खुर्ची पहिल्याच खोक्याला अडली. मग तुला उठवलं. भिंतीला पाठ घासत, आडवं चालवलं. प्रत्येक खोक्यापाशी तू श्वास घ्यायला थांबलीस. तिसऱ्यापाशी त्याच्यावर हात टेकून मला म्हणालीस, "काम घट्ट केलंस हां भावजी, हलणा नाय."

टोमणा होता की कौतुक? मी अजून ठरवू शकलेलो नाही. इस्पितळातून तू परत आली नाहीस. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

काल संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, खोकी काढू. त्याच फळ्यांचा ज्याच्या त्याच्या खोलीत माळा करून देतो, मजुरी नको.

गावडे म्हणाले, "दत्तोबा, तुम्हीच बांधलंत, तुम्हीच मोडा म्हणता? उद्या न्हावी येऊन म्हणेल, आणा ते केस, परत चिकटवतो."

तिसऱ्या खोलीतले सावंत म्हणाले, "अहो, कुसुमचे दिवस भरायच्या आत मुंबई मिळतेय आपल्याला. मग कुठला पोलीस नि कुठला धूर!"

सगळे हसले. सवयीने मीही हसलो. मग विचारलं, "मुंबई आपली, असं ओरडून आपले घसे बसले. पण ही गॅलरी कुणाची हो?"

"ज्याच्या दारापुढची त्याची," गावडे म्हणाले.

बोलून उपयोग नाही म्हटल्यावर मी तुझ्या जावेला, सुशीलाला, खुर्चीत बसवलं. दादाने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि तुमच्या दहाव्या खोलीपासून जिन्याकडे निघालो. पोरं टाळ्या पिटत होती. खुर्ची गावड्यांच्या खोक्याला अडली. तुझी अडली होती तिथेच. दादाने खुर्ची खाली टेकवली.

"जरा वाकडी करा की खुर्ची," गावडे म्हणाले.

"मला करा वाकडी. पडले तर यांच्या नावाने ओरडेन," सुशीला म्हणाली. "पण गावडेकाका, कुसुमला वाकडी कराल?"

कुसुम दारातच होती, हातात पळी घेऊन. ती आत गेली. टाळ्या थांबल्या. गावड्यांनी खोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रविवारी बघू."

वहिनी, उद्या गुरुवार आहे.

परवा प्रभादेवीचा एक घरमालक दुकानात आला होता. दोन चाळींमधली बोळकंडी पत्र्याने झाकून गाळे काढायचेत. काम मोठं. मी विचारलं, "आग लागली तर माणसं कुठून पळतील?" तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही सुतार की बंबवाले?" नाही म्हणून सांगितलं. पण मी नाही म्हटल्याने काय होणार? दुसरा सुतार मिळेलच त्याला. सगळी मुंबई अशी एकेक बोळ, एकेक गच्ची बुजवत चालली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी खिळे माझ्यासारख्यांच्या हातचे आहेत. अडचण आली की माणसं जायची कुठून, याची मला झोपेतही धास्ती असते.

उद्या दुकान बंद ठेवतोय. पहार आणि हातोडा घेऊन दिवसभर दादापाशी बसेन. कुसुमला कळा सुरू झाल्या की कुणाला विचारणार नाही. आधी गावड्यांचं खोकं, मग पुढची सगळी. शिव्या नंतर खाईन. उद्याचा दिवस सुखरूप गेला तर रविवारी प्रत्येकाच्या दारात जाईन, आणि तरी ऐकलं नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी. आणि नवं खोकं या हातांनी कुठेच होणार नाही, हे तुला वचन.

आज सकाळी माझ्या दारातलं काढलं. बाकीची आठ तशीच उभी आहेत.

तुझा भावजी,
दत्तू